दुसरी वाट: तारायंत्रापासून ग्रामपंचायतीच्या फायबरपर्यंत

पारशिवनी हा नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेचा, मध्य प्रदेशाला भिडलेला तालुका. संदेशवहनाच्या दृष्टीने त्याचे दोन भाग पडतात. दक्षिणेला कन्हान आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग आणि नागपूरहून जबलपूरकडे जाणारा जुना महामार्ग तिथून जातात, आणि रूळ व रस्ता जिथून जातात तिथूनच देशाच्या लांब पल्ल्याच्या तारा आणि केबल्स नेण्याची पद्धत दीडशे वर्षांपासून चालत आली आहे. उत्तरेला पेंच नदी, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीची धरणे आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. या बाजूच्या गावांना पोहोचणारी वाहिनी बहुधा एकच असते आणि ती गावातच संपते. देशाच्या नेटवर्कचा मधला भाग आणि त्याचे अगदी शेवटचे टोक, दोन्ही एका तालुक्यात आहेत. नेटवर्क बिघडले किंवा त्यावर हल्ला झाला तरी सेवा चालू ठेवण्याची कला कशी घडली, आणि ती कुठवर पोहोचली व कुठे पोहोचली नाही, हे अशा तालुक्यावरून नीट कळते.

या कलेचा गाभा जुना आहे. संदेशाला दुसरी वाट हवी, आणि पहिली वाट ज्या कारणाने बंद पडेल त्याच कारणाने दुसरी बंद पडता कामा नये. यातला पहिला भाग सगळ्यांना लवकर पटला. दुसरा मात्र प्रत्येक पिढीला नव्याने आणि बहुतेक वेळा नुकसान सोसूनच शिकावा लागला.

भारतात तारायंत्राचे जाळे विणण्याचे काम डॉ. विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली 1853 मध्ये सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरे रघुजी भोसले वारले आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. तार सर्वसामान्यांसाठी 1855 मध्ये खुली झाली. ओशॉनेसींच्या अगदी सुरुवातीच्या बांधणीत बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळई वापरली होती. माकडे आणि मोठे पक्षी बसले तरी ती तुटू नये, हा त्यामागचा विचार होता. वाळवी खांब पोखरे, वादळात झाडे तारेवर पडत, पावसात विद्युतरोध कमी होऊन संकेत अस्पष्ट होत. हल्ल्याचा अनुभवही लवकरच आला. 1857 च्या उठावात उत्तर हिंदुस्थानात मैलोन्‌मैल तारा तोडल्या गेल्या. कंपनी सरकारचे सैन्य याच तारेच्या भरवशावर हालचाली करत असल्याने तार हे उठावकऱ्यांचे स्वाभाविक लक्ष्य होते. ज्या सेवेवर सत्ता विसंबते, तिच्यावरच आधी घाव पडतो, हा क्रम तेव्हापासून बदललेला नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. पुढे 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर-छत्तीसगड रेल्वे कन्हान ओलांडून राजनांदगावकडे गेली आणि नंतर बंगाल-नागपूर रेल्वेने ती आपल्याकडे घेऊन तिचे रूळ रुंद मापाचे केले. रुळाकडेने रेल्वेची तार गेली. तिचा फायदा उघड होता. रुळाची रोज पाहणी होई, त्यामुळे तारेवर आपसूकच नजर राही, आणि तुटल्या जागी सामान व माणसे गाडीने नेता येत. तोटा तितकाच मोठा होता. पुराने पूल खचला तर गाडी आणि तार एकाच वेळी थांबत. एका आधारावर दोन सेवा टेकवण्याची सोय आणि तिचा धोका रेल्वेच्या काळापासून सोबत आले आहेत.

दुसऱ्या वाटेचे मोल पहिल्यांदा स्पष्ट झाले ते समुद्रापलीकडच्या तारेत. तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानकडे टाकलेली 1859 ची केबल लगोलग निकामी झाली, सबंध लांबीवर ती कधी धड चाललीच नाही. त्यानंतर 1864 मध्ये इराणच्या आखातातून केबल टाकली गेली आणि तिच्यामुळे कराची युरोपशी जोडली गेली. पण पुढचा रस्ता तुर्की जमिनीवरून होता आणि अनेक हातांतून जाताना मजकूर बिघडत असे, उशीरही होई. 1870 मध्ये मात्र काही महिन्यांच्या अंतराने दोन नव्या वाटा खुल्या झाल्या. एक सीमेन्स बंधूंनी उभारलेली, रशिया आणि इराणमधून जाणारी इंडो-युरोपियन जमिनीवरची तार. दुसरी मुंबई-एडन-सुएझ ही समुद्री केबल. 'ग्रेट ईस्टर्न' या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजाने ती टाकली. एक वाट जमिनीवरची, एक पाण्याखालची. कंपन्या वेगळ्या, देश वेगळे, धोकेही वेगळे. पुढच्या दीडशे वर्षांत सेवा टिकवण्याच्या जेवढ्या योजना झाल्या, त्यांतल्या चांगल्या योजनांचे मूळ या रचनेत दिसते.

टेलिफोनच्या काळात खेड्यांपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न आला. 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने धूळ, उष्णता आणि बेभरवशाची वीज गृहीत धरून ग्रामीण एक्स्चेंज बनवले; वातानुकूलनाशिवाय ते चालत असे. उपकरण बिघडणार हे आधी मान्य करून त्याची रचना करणे ही भारतीय दूरसंचारातील मोठी झेप होती आणि तिचे श्रेय पुरेसे दिले जात नाही. दुर्गम गावांसाठी 1990 च्या दशकात एमएआरआर ही रेडिओ पद्धत आली. तिच्यात एका केंद्राच्या मोजक्या रेडिओ वाहिन्या अनेक गावांनी वाटून घ्यायच्या. बॅटरी उतरली किंवा केंद्रात दोष आला की सगळी गावे एकदम मुकी होत, आणि ही पद्धत देशभर नादुरुस्तीसाठीच जास्त लक्षात राहिली.

याच सुमारास संगणकांचे जाळे भारतात आले. त्याच्या मुळाशी पॅकेट स्विचिंगची कल्पना आहे. अमेरिकेतील रँड संस्थेत पॉल बॅरन यांनी 1964 मध्ये ती सविस्तर मांडली. अणुहल्ल्यात निम्मी केंद्रे नष्ट झाली तरी उरलेल्या केंद्रांतून संदेश जावा, म्हणून त्यांनी मध्यवर्ती केंद्र नसलेले जाळे सुचवले. संदेशाचे लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याने त्या क्षणी खुली असलेली वाट धरायची, आणि पलीकडे ते पुन्हा जुळवायचे. ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोहोचले होते. 1969 चे अर्पानेट अणुयुद्धासाठी बांधले होते, असे सर्रास सांगितले जाते; ते खरे नाही. संशोधन केंद्रांचे महागडे संगणक वाटून वापरणे हा त्याचा हेतू होता. टिकाऊपणा आला तो त्यातल्या पॅकेटच्या रचनेमुळे.

भारतात शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारा अर्नेट हा प्रकल्प 1986 मध्ये सुरू झाला. मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात डॉ. एस. रमणी यांच्या नेतृत्वाखाली काम चाले, आणि त्या केंद्राचा व आयआयटी मुंबईचा ईमेल टेलिफोन लाइनवरून डायल करून जात असे. यूयूसीपी नावाच्या त्या पद्धतीत संदेश आधी साठवला जाई, लाइन मिळाली की पुढे ढकलला जाई. लाइन मिळाली नाही तर संदेश हरवत नसे, थांबून राही. वेगाच्या मोहात ही सहनशीलता पुढे बरीच मागे पडली. पेंचच्या जंगलात ती आज पुन्हा कामाला आली आहे, त्याचा उल्लेख पुढे येईल.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. देशाबाहेर जाण्याचे दार एकाच कंपनीच्या हाती होते. 1998 च्या अखेरीस खासगी सेवादारांना परवानगी मिळाली, तरी दोन भारतीय सेवादारांच्या ग्राहकांमधला ईमेलसुद्धा बरेचदा परदेशात जाऊन परत येई, कारण देशात त्यांची जाळी एकमेकांना जोडलेली नव्हती. समुद्रात केबल तुटली तर नागपूरचा संदेश पुण्याला पोहोचण्यातही अडथळा यावा, अशी ही रचना. 2003 मध्ये निक्सी ही देशांतर्गत देवाणघेवाणीची संस्था स्थापन झाली आणि मुंबईसह मोठ्या शहरांत सेवादार थेट एकमेकांना जोडले जाऊ लागले. 2005 मध्ये इंटरनेटच्या पत्ता-पद्धतीतील मूळ सर्व्हरांच्या प्रती भारतात बसल्या, त्यांपैकी एक मुंबईत. एनीकास्ट या तंत्रामुळे जगभरच्या अशा अनेक प्रती एकच पत्ता वापरतात आणि विचारणा जवळच्या चालू प्रतीकडे जाते. एक बंद पडली तर दुसरी उत्तर देते. वापरणाऱ्याला ते जाणवतही नाही.

त्याच वर्षी 26 जुलैला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. वीज गेली, एक्स्चेंजमध्ये पाणी शिरले, मोबाइलचे टॉवर बॅटऱ्या संपताच बंद झाले आणि लाखो लोकांचा संपर्क तुटला. कागदावर लँडलाइन, मोबाइल आणि इंटरनेट या तीन वेगळ्या सेवा होत्या. पाण्याच्या आणि विजेच्या बाबतीत त्या एकच ठरल्या. तळघरातले जनरेटर आणि तळमजल्यावरची विद्युत यंत्रणा वरच्या मजल्यावर नेण्याचा मुद्दा या पुरानंतर जास्त गांभीर्याने घेतला जाऊ लागला.

30 जानेवारी 2008 रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ 'सी-मी-वी 4' आणि 'फ्लॅग' या दोन केबल्स तुटल्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. दोनच दिवसांनी दुबईजवळ 'फाल्कन' केबल तुटली. तिथे टाकून दिलेला जहाजाचा अवजड नांगर सापडला. भारताची पश्चिमेकडची निम्म्याहून अधिक क्षमता एका फटक्यात गेली. ज्या सेवादारांनी चेन्नईहून सिंगापूरकडे जाणाऱ्या केबल्सवर आधीच जागा घेऊन ठेवली होती, त्यांनी वाहतूक पूर्वेकडून वळवली आणि त्यांचे ग्राहक मंद गतीने का होईना चालू राहिले. ज्यांनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या केबल्स घेऊन आपण सुरक्षित असल्याचे मानले होते, त्यांच्या दोन्ही केबल्स एकाच अरुंद समुद्रपट्ट्यातून जात होत्या.

तो पट्टा आजही तितकाच अरुंद आहे. 2024 च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात पुन्हा अनेक केबल्स तुटल्या, आणि सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाजवळही. मुंबईच्या बाजूलाही गर्दी आहे: बऱ्याच आंतरराष्ट्रीय केबल्स वर्सोव्याच्या काही किलोमीटरच्या किनाऱ्यावरच जमिनीला लागतात. भारतीय ध्वजाखालची दुरुस्ती जहाजे असावीत, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2023 मध्ये केली, कारण तोपर्यंत प्रत्येक दुरुस्तीला परदेशी जहाजाची वाट पाहावी लागत होती.

मुंबईतून देशात शिरलेली वाहतूक पूर्वेकडे नेताना बहुधा नागपूर लागते. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे लोहमार्ग जिथे एकमेकांना छेदतात, तिथेच लांब पल्ल्याचे फायबर एकत्र येते. रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीचे फायबर रुळाकडेने जाते. उच्चदाबाच्या विद्युत वाहिन्यांच्या मनोऱ्यांवर सर्वांत वर जी भूतार असते, तिच्या पोटातही फायबर घालता येते. पॉवरग्रिडने अशा फायबरचे जाळे उभे केले आहे. दूरसंचार कंपन्यांचे फायबर रस्त्याकडेला जमिनीखाली. या तीन वाटांचे धोके खरोखर वेगळे आहेत. रस्ता रुंद करताना जेसीबीने जमिनीखालचे फायबर तोडले तरी मनोऱ्यावरचे शाबूत राहते. वादळात मनोरा पडला तरी रुळाकडेचे चालू राहते. देशात फायबर तुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण खोदकाम हेच आहे. जोडणी तुटली की ओटीडीआर यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा झोत सोडते, परत आलेल्या प्रकाशावरून तुटलेल्या जागेचे अंतर सांगते, मग तिथे माणूस पोहोचतो, खड्डा खणतो आणि केसासारखे धागे स्प्लायसिंग यंत्राने जोडतो. सेवा किती वेळ बंद राहणार हे त्या माणसाच्या पोहोचण्यावर ठरते. फायबरच्या मार्गावर गस्त घालणारे आणि रात्री पावसात जोडणी करणारे हे कामगार बहुतेक ठिकाणी कंत्राटावर आहेत, आणि नेटवर्कच्या टिकाऊपणाच्या चर्चेत त्यांचे नाव अभावानेच येते.

आता हल्ल्यांविषयी. भारतातील गाजलेला पहिला प्रसंग जून 1998 चा. पोखरणच्या चाचण्यांनंतर काही परदेशी किशोरवयीन हॅकरांनी तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरून ईमेल उचलले. मात्र सेवा बंद पाडणे हाच ज्याचा उद्देश असतो, असा हल्ला महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर अनुभवला तो जुलै 2016 मध्ये. मुंबईतील इंटरनेट सेवादारांवर सेकंदाला सुमारे 200 गिगाबिट इतका खोट्या वाहतुकीचा लोंढा सोडण्यात आला. लहान सेवादारांच्या वाहिन्यांची क्षमता याच्या एका अंशाइतकीही नव्हती. हजारो घरांचे इंटरनेट काही दिवस रखडले आणि प्रकरण पोलिसांत गेले.

अशा हल्ल्यात दुसरी वाट असून उपयोग होत नाही, कारण लोंढा दोन्ही वाटांनी येतो. म्हणून इथे उपाय वेगळे आहेत. सर्वांत सोपा उपाय ब्लॅकहोलिंग: ज्या पत्त्यावर लोंढा येतो, त्याची सगळी वाहतूक वरच्या सेवादाराकडेच टाकून द्यायची. बाकीचे ग्राहक वाचतात, पण ज्याच्यावर हल्ला झाला तो मात्र बंदच पडतो, म्हणजे हल्लेखोराचे काम झाले. त्याहून चांगला उपाय वाहतूक मोठ्या क्षमतेच्या केंद्राकडे वळवून गाळण्याचा. तिथून फक्त खरी वाहतूक पुढे जाते. यासाठी पैसा लागतो आणि वरच्या सेवादाराशी आधीच ठरवलेला करार लागतो. लोंढा सुरू झाल्यावर करार करत बसायला वेळ नसतो. तिसरा उपाय उगमावरचा: आपल्या ग्राहकाने खोटा पत्ता लावून पाठवलेली पॅकेट्स प्रत्येक सेवादाराने बाहेरच जाऊ द्यायची नाहीत. ही शिफारस 2000 साली लेखी प्रसिद्ध झाली. ती पाळल्याचा फायदा दुसऱ्यांना होतो आणि खर्च पाळणाऱ्याला येतो, म्हणून ती आजही सर्वत्र पाळली जात नाही.

हे लोंढे येतात घराघरातून. 2016 च्या शरद ऋतूत 'मिराई' या संगणकीय कार्यक्रमाने कॅमेरे आणि राउटर यांसारखी उपकरणे कारखान्यातून आलेला पासवर्ड वापरून ताब्यात घेतली आणि 21 ऑक्टोबरला संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या अमेरिकेतील डाइन कंपनीवर त्यांचा मारा करून अनेक मोठी संकेतस्थळे बंद पाडली. जुलै 2017 मध्ये भारतात बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम एका दुष्ट कार्यक्रमाने निकामी केले. कारण तेच: मोडेमचा मूळ पासवर्ड कुणी बदललाच नव्हता.

मार्ग चुकवणे हा आणखी एक प्रकार. इंटरनेटवरील जाळी बीजीपी या नियमावलीने आपल्याकडे कोणते पत्ते आहेत हे एकमेकांना सांगतात, आणि मुळात ही माहिती विश्वासावर मानली जाते. 24 फेब्रुवारी 2008 रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब रोखण्यासाठी केलेली घोषणा जगभर पसरली आणि सुमारे दोन तास जगाचे यूट्यूब बंद पडले. 16 एप्रिल 2021 रोजी व्होडाफोन आयडियाच्या जाळ्याने हजारो परक्या पत्त्यांचे मार्ग आपले म्हणून जाहीर केले आणि त्या पत्त्यांची वाहतूक तिकडे लोटली. दोन्ही प्रसंगी घातपात नव्हता. चुकीच्या मांडणीने हल्ल्याइतकेच नुकसान केले. आरपीकेआय या पद्धतीत पत्त्यांचा खरा मालक स्वाक्षरीने नोंदवला जातो, त्यामुळे खोटी घोषणा नाकारता येते.

संगणकांतील माहिती पुसून टाकणाऱ्या 27 जून 2017 च्या 'नॉटपेट्या' हल्ल्याने उरणजवळच्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील जीटीआय टर्मिनल ठप्प केले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या कंपनीकडे होते. संगणक गेले, काम हाताने करावे लागले, कंटेनरांचे ट्रक रांगेत अडकले, काही जहाजे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली. मर्स्कच्या जगभरातील जाळ्यात वापरकर्त्यांची ओळख ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते आणि ते सतत एकमेकांची प्रत घेत असत. एक गेला तर दुसऱ्यावरून तो पुन्हा उभा करायचा, अशी योजना होती. सगळे एकदम पुसले जातील, हे कुणी गृहीत धरले नव्हते. घानामधील एक सर्व्हर तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती. त्या एका प्रतीवरून पुढचे सगळे उभारले गेले. सुमारे दहा दिवसांत 4000 सर्व्हर आणि 45000 संगणक नव्याने मांडण्यात आले. प्रतींची संख्या मोजून सुरक्षितता ठरत नाही. एक प्रत जाळ्यापासून तोडलेली हवी, हा धडा या प्रसंगाने जितक्या ठसठशीतपणे दिला तितका कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिला नसेल.

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे-खारघर परिसरातील 400 केव्ही वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि मुंबई महानगर अंधारात गेले. लोकल थांबल्या. बाहेरचे ग्रिड कोसळले तर मुंबईने त्यापासून सुटून स्वतःच्या केंद्रांवर चालावे, अशी आयलंडिंग व्यवस्था 1981 पासून होती. त्या दिवशी ती तरली नाही. मोठी डेटा सेंटरे बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटरवर चालू राहिली, पण घरातला राउटर आणि गल्लीतला स्विच बंद असल्याने लोकांपर्यंत इंटरनेट पोहोचत नव्हते. मार्च 2021 मध्ये राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता व्यक्त केली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. या वादाचे स्वरूप काहीही असो, ग्रिड आता दूरसंचारावर चालते आणि दूरसंचार ग्रिडवर, हे परस्परावलंबन त्या दिवशी सर्वांसमोर आले. राज्याचे भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आहे आणि नागपूरला अंबाझरीत क्षेत्रीय केंद्र आहे. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रे नागपूरच्या उशाशी आहेत आणि त्यांना पेंच प्रकल्पातूनही, म्हणजे पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरीच्या धरणातून, पाणी मिळते. देशाच्या मध्यावरच्या फायबर केंद्राला लागणाऱ्या विजेचा धागा असा या तालुक्यापर्यंत येऊन पोहोचतो.

तालुक्याच्या गावांत फायबर आले ते भारतनेटमधून. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने ही योजना ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झाली. पहिल्या टप्प्याची रचना साधी होती: तालुक्याच्या ठिकाणच्या बीएसएनएल एक्स्चेंजपासून ग्रामपंचायतींपर्यंत, जुने फायबर जिथे संपते तिथून पुढे नवे टाकत, सरळ रेषेत जायचे. त्यामुळे मधल्या गावाजवळ फायबर तुटले की पुढची सगळी गावे बंद. ग्रामपंचायतीत वीज नसली तर यंत्र बंद, आणि बॅटरीची देखभाल कुणी करायची हे कुठेच नीट ठरलेले नव्हते. फायबर किती किलोमीटर टाकले गेले यावर योजना मोजली गेली. चालू किती आहे, यावर कमी. 1870 मध्ये मुंबई-लंडनसाठी जी काळजी घेतली गेली, ती एकविसाव्या शतकात तालुका-गाव अंतरासाठी घेतली गेली नाही, हे सांगणे भाग आहे.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातील चौराई धरण भरून पेंच नदीत प्रचंड पाणी आले. तोतलाडोह आणि नवेगाव खैरीचे दरवाजे उघडावे लागले, आणि पारशिवनी, कामठी, मौदा या तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्यात गेली. त्याच दिवसांत वैनगंगेने भंडाऱ्याला वेढले. अशा पुरात रस्ता, पूल, विजेचे खांब आणि त्यांच्याकडेने नेलेले फायबर एकत्रच जाते. सुटका कोणत्या गावात आधी हवी हे कळवण्यासाठी संपर्क सर्वांत जास्त लागतो तेव्हाच तो तुटतो.

जंगलाकडच्या गावांची अडचण आणखी वेगळी. वनजमिनीतून फायबर नेण्यासाठी 1980 च्या वनसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते आणि व्याघ्र प्रकल्पात अटी अधिक कडक आहेत. त्या अटींना कारण आहे. तरी त्यामुळे दुसरी वाट काढणे इथे सर्वांत कठीण होते. वनकर्मचारी आजही वायरलेस संचावर विसंबतात. गस्तीची नोंद 2010 पासूनच्या एम-स्ट्राइप्स पद्धतीत होते. मोबाइलवर जागा आणि वेळ आधी साठते, रेंजमध्ये आल्यावर पुढे जाते. महसूल विभागाची ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यभर याच तत्त्वावर आहे: शेतकऱ्याने बांधावर पिकाचा फोटो घ्यायचा आणि रेंज मिळाल्यावर तो चढवायचा. जुहूच्या केंद्रातील जुन्या ईमेलची साठवून पुढे ढकलण्याची रीत ही. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्राची रचना मात्र जोडणी कायम असेल असे धरून केलेली आहे. सर्व्हर किंवा रेंज गेली की धान्य घ्यायला आलेल्या माणसाला रिकाम्या हाती परतावे लागते, आणि अशा काळात ऑफलाइन वाटपाची मुभा द्यावी लागते. सेवा कशी चालू ठेवायची हे यंत्र बनवतानाच ठरते.

मोबाइलच्या बाजूने जुलै 2022 मध्ये केंद्राने सेवा न पोहोचलेल्या गावांसाठी 4जीची योजना मंजूर केली. सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवरून इतर कंपन्यांच्या ग्राहकांनाही सेवा मिळावी, अशी रोमिंगची सोय जानेवारी 2025 मध्ये सुरू झाली. ज्या गावात टॉवर एकच आहे, तिथे याचा अर्थ मोठा आहे: कोणत्याही कंपनीचे सिम असले तरी निदान तो एक टॉवर उपयोगी पडतो.

4 ऑगस्ट 2023 रोजी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाने मूळ दोषाला हात घातला. सुमारे 1.39 लाख कोटी रुपयांच्या या कार्यक्रमात सरळ रेषेऐवजी रिंग आहे. तालुक्याहून निघालेले फायबर ग्रामपंचायती जोडत पुन्हा तालुक्याकडे येते. एका जागी तुटले तर वाहतूक उलट्या बाजूने फिरते आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. फायबरवर दुरून नजर ठेवण्याची व्यवस्था, ग्रामपंचायतीत विजेचा आधार आणि दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच धरली आहे. रिंगची किंमत तिच्या दोन भुजा किती वेगळ्या रस्त्यांनी जातात यावर ठरते. पेंचसारखी नदी मध्ये असलेल्या तालुक्यात दोन्ही भुजा एकाच पुलावरून नेल्या तर नकाशावर रिंग दिसेल आणि पुरात ती रेषाच राहील. त्यामुळे रस्त्याकडचे फायबर एका भुजेला, विद्युत मनोऱ्यांवरचे दुसरीला, आणि जिथे दोन्ही अशक्य तिथे रेडिओ किंवा उपग्रहाची जोडणी, अशी आखणी प्रत्येक तालुक्यासाठी वेगळी करावी लागते. पारशिवनीत ती करताना कन्हानकडच्या गावांना रूळ आणि महामार्ग हे दोन आधार सहज मिळू शकतात. जंगलाकडच्या गावांसाठी दुसरी भुजा कुठून न्यायची, याचे उत्तर वनविभाग, राज्याची वीज पारेषण कंपनी महापारेषण आणि दूरसंचार विभाग यांना एकत्र बसून शोधावे लागेल.